घासून दिलेली बाटली

"कुणी घासली ती बाटली?" मी अंगणातूनच ओरडले.

सासूबाई चुलीपुढून हलल्यासुद्धा नाहीत. "मी. का गं? चार शिकलेल्या माणसांपुढे जायची, ती काय मळकट द्यायची? ब्लीचिंग टाकून लख्ख केली."

मी कपाळावर हात मारला. आमच्या तळ्यातले मासे उलटे होऊन तरंगायला लागले तेव्हापासून घसा फोडून सांगतेय, वरच्या स्टार्चच्या कारखान्याचं पाणी नाल्यातून आमच्याकडे उतरतं म्हणून. मॅनेजरचं एकच, "सिद्ध करा." शेवटी हातापाया पडून पाणी तपासणाऱ्या साहेबांना तयार केलं, नाल्याचं पाणी भरून दिलं, आणि अहवाल काय आला? पाणी एकदम झकास!

साहेब दारातच उभे होते. "वहिनी, पाण्यातले जंतू घाण खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन ओढतात. बाटली बंद ठेवून तो किती संपला तेच आम्ही मोजतो. जितकी घाण, तितका जास्त संपतो. तुमच्या बाटलीतले जंतू ब्लीचिंगनं मेले. मग ओढणार कोण?"

"अहो, मग ब्लीचिंगचा वास नाही आला तुम्हाला?"

"आला, पण अहवाल मॅनेजरकडे गेल्यावर बाटली पुन्हा उघडली तेव्हा," ते खाली बघत म्हणाले. असा संताप आला म्हणून सांगू!

दुसऱ्यांदा मी स्वतः साध्या पाण्यानं बाटली धुऊन पाणी भरायला निघाले. चूक निस्तरायला सासूबाईही आल्या. नाल्यापाशी पोचतोय तोच कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाक्यांवरची हवा मारायची यंत्रं घरघरायला लागली. एरवी वीज वाचवायला बंद, आम्ही दिसलो की चालू! हवा मिळाली की जंतू टाकीतच घाण खाऊन टाकतात, आता भरलेलं पाणी स्वच्छच निघणार. मी तिथेच रडायला लागले.

"रडतेस कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "आपण दिसलो की चालू करतात ना? मग मी इथेच बसते."

आणि बसल्या की हो! रोज सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. परवा मॅनेजर स्वतः बाहेर आला. "आजी, ऊन लागेल. घरी जा की."

"लागू दे. तुझी यंत्रं चालू आहेत ना? मग तू आत जा."

मासे मरायचे कमी झालेत, थांबले नाहीत. काल मी दुपारचं जेवण घेऊन गेले तेव्हा न राहवून म्हटलं, "आई, तुम्ही घरी आलात की ते पुन्हा बंद करतात. रात्रीचं काय?"

त्यांनी शांतपणे घास चावला, घोटभर पाणी घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

"रात्री तू."