हार काढा, मसाला वाटा

कोण बोलतंय म्हणून दाराकडे कशाला पाहता? इकडे पाहा, फोटोखाली, स्टुलावर, झेंडूच्या हारामागे. मी पाटा बोलतोय. मिरची-लसूण वाटायचा काळा दगडी पाटा. शेजारी कुंकू लावून ठेवलाय तो वरवंटा. तो बोलायचा नाही. जन्मभर त्यानं मला घासलं, आता तोंड लपवून बसलाय.

वर्ष झालं मी असा नटून बसलोय, आणि मला या माणसांचा अगदी वैताग आलाय.

मुळात मी देव नाही. एका पाथरवटानं मला खडकातून काढलं, छिन्नीनं अंगभर टाके मारले आणि सानगडीच्या बाजारात उन्हात मांडून ठेवलं. तुलारामनं मला तिथूनच घेतलं. तुलाराम म्हणजे तलावावर जाळं टाकणारा ढिवर, तेव्हा नुकतंच लग्न झालेला. खरं तर आधी त्यानं दुसराच पाटा नेला होता, लहानसा. बायको यशोदा त्याच्याकडे पाहून म्हणाली, "हा कोनासाठी आनला? बाहुलीच्या लग्नासाठी?" गडी उलट्या पावली बाजारात आला, तो परत केला आणि मला डोक्यावर घेऊन निघाला. घर येईपर्यंत मला शिव्या. त्यात माझं काय चुकलं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

यशोदेच्या हातात जोर होता आणि तोंडात त्याहून जास्त. वरवंटा चालू झाला की तिचं तोंड चालू. शेजारणीच्या कोंबड्या, पाऊस, देव, कोणीच सुटायचं नाही. पण जास्त वाटा नवऱ्याचा. तुलाराम खाटेवर टेकलेला दिसला की ती म्हणायची, "बसले का देवावानी? लसूण सोलाले का तुमची माय येनार हाये?" त्याचंही उत्तर ठरलेलं. "देतो वं, देतो. जीव नको खाऊ." मग तो समोर बसून लसूण सोलायचा आणि माझ्या कडेवर ठेवायचा. त्यात एक पाकळी हटकून सालासकट असायची. यशोदा ती उचलून त्याच्या नाकासमोर धरायची. "डोळे हायेत का कवड्या?" तुलाराम खाली मान घालून हसायचा. ती पाकळी तो मुद्दाम ठेवायचा, हे फक्त मला आणि वरवंट्याला ठाऊक होतं.

मुलं झाली, प्रीतम आणि शुभांगी. बारशाला वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याभोवती फिरवला, माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. पुढे प्रीतमची बायको रंजू आली आणि तिला माझ्यासमोर बसवलं. वाटण जाडं राहिलं तर बोलणी, बारीक झालं तर उशीर केला म्हणून बोलणी. पोरीनं सगळं ऐकून घेतलं. प्रीतमनं मिक्सर आणला, तर यशोदा म्हणाली, "त्याच्यात मसाला फिरते. वाटल्या नाही जात." त्या दिवशी मी तिला सगळ्या शिव्या माफ केल्या.

गेल्या वर्षी भाताची रोवणी संपता संपता यशोदा तापानं गेली. नागपूरला दिलेली शुभांगी आली, रडली, आणि मला उचलून स्टुलावर बसवलं. म्हणाली, "ही आईची आठवण हाये. याच्यावर आता कोनी वाटाचं नाही." जिवंतपणी माय होती, मेल्यावर आई झाली. तेव्हापासून मिरची पचवलेल्या माझ्या अंगाला अगरबत्तीचा धूर. येणारीजाणारी माणसं माझ्या पाया पडतात. मला पाय आहेत कुठे?

परवा वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकल्यावर शुभांगीनं मोबाइल उभा केला आणि सगळ्यांना एकेक आठवण सांगायला लावली. स्वतः म्हणाली, "आईनं कधी कोनावर आवाज नाही चढवला." प्रीतम म्हणाला, "माही माय लय शांत होती." एक पाहुणा तर म्हणाला, यशोदाबाई म्हणजे गाय. अरे, त्या गाईनं फुकट मासोळी मागणाऱ्या पुढाऱ्यामागे वरवंटा घेऊन धाव घेतली होती. तलावाच्या बांधापर्यंत. मेलेल्या माणसाला चांगलं म्हणावं, पण ते माणूस ओळखू तर आलं पाहिजे ना?

कोपऱ्यात बसलेला तुलाराम उठला. "हे तुमी कोनाची गोष्ट सांगून राहिले?"

"आईचीच ना, बाबा," शुभांगी म्हणाली.

"माही बायको नोहे ते," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

संध्याकाळी प्रीतमनं त्याला समजावून आत आणलं. माझ्याशेजारी भिंतीला टेकून तुलाराम हळूच म्हणाला, "तिचा चेहरा दिसते गा, फोटो हाये ना. आवाज नाही येऊन राहिला. वर्षभर सारे गोड गोड बोलून राहिले, अन् त्याच्यात तिचा आवाज माह्यापासून गेला." मी दगड आहे, पण त्या वेळी मला फार वाईट वाटलं. माझ्या अंगात तो सगळा आवाज मुरलेला, आणि माझं बोलणं त्याला ऐकू जात नाही.

हे तुम्हाला सांगतोय तोवर शुभांगी परत निघाली. मला सोबत नेणार होती. तिच्या नागपूरच्या घरी काचेचं कपाट आहे, त्यात वर दिवा लावून मला ठेवणार. गुंडाळायला चादरसुद्धा काढली. तेवढ्यात तुलाराम तलावावरून आला. रंजूसमोर रोहू ठेवला आणि म्हणाला, "हे पाट्यावर वाटून कर, बाई."

"बाबा, तो पाटा आईची आठवण..."

"तुही माय त्याच्यावर मिरच्या वाटत होती. फुलं नाही."

त्यानं स्वतः मला खाली उतरवलं. म्हाताऱ्याचे गुडघे कटकट वाजले. हार दारात पडला, तो बकरीनं खाल्ला. कोणाच्या तरी उपयोगी आला.

रंजूनं मला धुतलं, घासलं आणि वाटायला बसली. हात वर्षभराचा सुटलेला. भाजलेली जवस सरकत होती, मिरचीचा हात चुकून डोळ्याला लागला, लसूण सोलायचा राहिलेला, आणि प्रीतम खाटेवर मोबाइल पाहत पडलेला. रंजूचं डोकं फिरलं. वरवंटा आपटत ती नवऱ्याला म्हणाली, "बसले का देवावानी? लसूण सोलाले का तुमची माय येनार हाये?"

खाटेवरचा प्रीतम ताडकन उठून बसला. शब्द तेच, आणि ‘येनार’वरचा तो चढता सूरही तोच. आपण काय बोललो ते रंजूच्या ध्यानात आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. "मामाजी, चुकलं. आत्याबाईंचं ऐकून ऐकून..."

तुलाराम उठून माझ्यासमोर येऊन बसला. लसणाचा गड्डा हातात घेतला. "देतो वं, देतो," तो म्हणाला. "जीव नको खाऊ."

मिरची जवळ होती म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. तो रडत होता. शुभांगीनं चादर बाजूला टाकली आणि जमिनीवरच बसली. "वैनी, अजून काय काय म्हने माय?" रंजू सांगायला लागली. तुलारामनं बाहुलीच्या लग्नाच्या पाट्याची गोष्ट काढली. पोरांनी ती कधी ऐकलीच नव्हती.

तेव्हा तुम्हीही ऐका. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी फुलांखाली गुदमरत असेल, तर त्याला खाली उतरवा आणि कामाला लावा. आणि गेलेल्या माणसाची गोष्ट सांगाल तेव्हा त्याच्या शिव्या गाळू नका. निम्मं माणूस त्यातच असतं.

आता गप्प बसतो. तुलारामनं लसूण सोलून माझ्या कडेवर ठेवलाय. त्यात एक पाकळी सालासकट आहे. रंजूनं ती उचलली, सासऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून वाट पाहतोय.

रंजूनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि पाकळी त्याच्या नाकासमोर धरली.

"डोळे हायेत का कवड्या, मामाजी?"