बालवाडीपासून शेवटच्या बाकापर्यंत

मी एक जुनी, पिवळी, शाळेची बस आहे. रंग उडाला, दार कुरकुरतं, पण बोलायची हौस काही गेलेली नाही.

मित्रांनो, अमेरिकेत नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधून मी बालवाडीपासून बारावीपर्यंतची सगळी पोरं नेत असे. माझ्यात बसायचा नियम कुणी लिहिला नव्हता, पण तो मोडायची कुणाची टाप नव्हती. बालवाडीची चिल्लीपिल्ली पहिल्या बाकावर, पाचवीपर्यंतची प्राथमिक मंडळी त्यांच्या मागे, मग सहावी ते आठवीची मधली शाळा, आणि नववी ते बारावीचे हायस्कूलवाले पार मागे. दर ऑगस्टला नवं वर्ष सुरू झालं की जो तो मागे सरके.

मला चालवायची बावन्न वर्षांची मॅव्हिस ओल्सन. एकदा बालवाडीतल्या टिलीने तिला विचारलं, "मिस मॅव्हिस, तू कितवीत आहेस?"

"अकरावीतून उतरले गं. बाबा आजारी पडले, शेत माझ्यावर आलं. नाहीतर शिक्षिका झाले असते."

बारावीतली कोरा मागून म्हणाली, "मग चढा की परत. बारावीच्या बरोबरीची परीक्षा कुठल्याही वयात देता येते."

मॅव्हिसने ती दिली. बाकी विषय सुटले, गणिताने मात्र घात केला. दोन दिवस ती माझे गिअर रागारागाने टाकत होती.

"बास झालं. या वयात शोभतं का हे?" मॅव्हिस म्हणाली.

"तुम्हाला अपूर्णांकच येत नाहीत," कोरा म्हणाली. "ते पाचवीच्या बाकावर शिकतात. तिथून सुरू करा."

शाळेपाशी पोचल्यावर घंटा व्हायला वीस मिनिटं असत. तेवढ्यात मॅव्हिस पाचवीच्या बाकावर कशीबशी मावायची. तिथला दहा वर्षांचा वेंडेल मास्तर भलताच खडूस. "आधी खालचे आकडे सारखे करा. कितीदा सांगायचं तुम्हाला?" नाताळापर्यंत ती आठवीच्या पोरांशी समीकरणांवरून भांडू लागली. मार्चमध्ये कोराशेजारी बसून भूमिती करू लागली. मला कोण अभिमान वाटायचा.

मग तिने गणिताचा पेपर पुन्हा दिला आणि एप्रिलमध्ये निकाल आला. मॅव्हिस पास झाली होती. पोरांनी असा गलका केला की माझ्या काचा थरथरल्या.

"आता कुठल्या बाकावर बसणार?" टिलीने विचारलं.

"बाक संपले, बाळा. आता कॉलेज."

संध्याकाळी ती जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊ लागली. तिथली दोन वर्षं विद्यापीठाच्या चार वर्षांच्या पदवीत धरली गेली, म्हणून पुढे निम्माच रस्ता उरला. आज ती तिसरीला शिकवते. मी आगाराच्या मागे गवतात उभी आहे आणि माझं बरं चाललंय.

मित्रांनो, मला धुवापुसा असं काही मी म्हणत नाही. तुम्हाला रोज शाळेत सोडणाऱ्या माणसाला एकदा फक्त विचारा, तुम्हाला स्वतःला कुठवर जायचं होतं?