पाठमोरी आई

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. अंगावरचा रंग उडालाय, पण नजर शाबूत आहे. या नजरेचा मला भारी तोरा होता. तो कसा उतरला, ते सांगतो.

माझा मालक तरुण डॉक्टर. त्याला वेड दोनच गोष्टींचं, पक्ष्यांचं आणि हृदयाचं. सुट्टी मिळाली की मला गळ्यात अडकवून तो तळ्याकाठी बसे. उरलेल्या वेळात शस्त्रक्रियेची जाडजूड पुस्तकं वाचे. मोठा हृदयतज्ज्ञ व्हायचं त्याने ठरवूनच टाकलं होतं. त्याच्याच दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना तो मित्रांत 'खाजवाल्या बाई' म्हणायचा, आणि मीही मनात हसायचो. लांबच्या फांदीवरच्या पाखराचं पीस न् पीस आम्ही टिपत होतो, लोक वाहवा करत होते.

एका सकाळी गॅलरीच्या कठड्यावर एक चिमुकला पक्षी बसला. डॉक्टरने मला उचलून कळ दाबली, तेवढ्यात कपडे वाळत घालायला आई मध्ये आली. पाठमोरी, केस वर बांधलेले.

"आई, सगळा घोटाळा केलास," तो कुरकुरला.

तो फोटो पुसून टाकण्याआधी त्याने मोठा करून पाहिला आणि त्याचा हात थबकला. आईच्या मानेवर काळा डाग होता, कडा वेड्यावाकड्या. घाईघाईने त्याने जुने फोटो उलटले. गेल्या वर्षीही एकात ती अशीच मध्ये आली होती. तेव्हा तोच डाग टाचणीच्या डोक्याएवढा होता.

दोन्ही फोटो मीच काढले होते. डोळे असून आम्ही दोघं आंधळे निघालो.

"हे कधीपासून आहे, आई?"

"मानेमागचं मला कसं दिसणार? घरात डॉक्टर आहे, म्हणून मी निर्धास्त होते."



त्याच दिवशी त्याने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डाग काढून तपासायला पाठवला. कर्करोगच निघाला, पण खोल गेला नव्हता.

"आणखी उशीर झाला असता, तर माझ्याही हातात काही नव्हतं," बाई म्हणाल्या.

डॉक्टर मान खाली घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, तुमच्या हाताखाली शिकायला येऊ का?"

मला मात्र त्याने कपाटात टाकलं. बरेच दिवस मी धूळ खात पडलो. शेवटी आईनेच मला पुसून त्याच्या हातात दिलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! आता माझा एक फोटो काढ. समोरून."

माझ्यात हजारो पाखरं होती. आईचा चेहरा एकदाही नव्हता.

मित्रांनो, माझी काच रोज पुसली नाहीत तरी चालेल. घरच्या माणसांकडे मात्र रोज नीट बघत जा.