आत दोघं, बाहेर एक

पाखरांना मोजता येत नाही, हे मला स्टुडिओवाल्याने सांगितलं. आता तो पासपोर्टचे फोटो काढतो, पण तरुणपणी पक्ष्यांच्या फोटोंपायी त्याने रानं पालथी घातली होती. म्हणाला, "लपणात, म्हणजे फोटोसाठी उभारलेल्या आडोशात, एकटे जाऊन बसलात, तर पाखरू तुम्हाला आत शिरताना बघतं आणि मग लवकर फिरकत नाही. दोघांनी जायचं. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने पाखराच्या डोळ्यांदेखत निघून जायचं. माणूस गेला की त्याला वाटतं, जागा मोकळी झाली."

घरी येऊन मी बायकोला ही युक्ती सांगितली. ती मटार सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे मी नुसतं जायचं काम करायचं?"

"हो."

"ते मला झकास जमेल."

मी कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. तोंडांचे साचे, गुलाबी मेण, पॉलिशचं चाक आणि कायम नाकात बसलेली प्लास्टरची धूळ. दिवसभर दुसऱ्यांचं हसू घासत बसणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी तोंडं बघायची इच्छा राहत नाही. म्हणून मी पाखरांच्या नादी लागलो. निदान त्यांना दात तरी नसतात.

वीटभट्टीच्या जुन्या खाणीत पाणी साठून तळं झालंय. पलीकडच्या काठाची माती सरळ उभी कापलेली, आणि त्या मातीत खंड्याचं बीळ. खंड्या म्हणजे निळा कोट, तांबूस पोट आणि रुबाब असा की बायको त्याला पहिल्या दिवसापासून 'जावईबापू' म्हणायला लागली. "बघा, यायचं तर आहे, पण आग्रह झाल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही," असं तिचं म्हणणं.

लपण तिनेच शिवलं. जुन्या हिरव्या पडद्यांचा एक चौकोनी तंबू, पुढे लेन्सपुरतं भोक. मागे बघायलाही एक फट ठेव म्हटलं, तर म्हणाली, "मी निघाल्यावर माझ्या पाठीकडे कशाला बघायचंय? समोर बघा." मागची बाजू बंदच राहिली.

ती रबरी चपला फटफट वाजवत मला लपणापर्यंत सोडायची, मी आत शिरलो की एखादा टोमणा मारायची, आणि पाखराने आपल्याला नीट बघावं म्हणून छत्री हलवत निघून जायची. मग खाणीच्या वरच्या अंगाला, चिंचोळ्या सावलीत, विणकाम घेऊन बसायची. उजेड उतरला की न्यायला यायची. कापडावर टिचकी मारायची आणि म्हणायची, "चला, दुकान बंद करा."

तिने दोन नियम घालून दिले होते. ती न्यायला येईपर्यंत मी बाहेर पडायचं नाही, कारण लपणातून माणूस निघताना दिसला की पाखराचा त्या कापडावरचा विश्वास कायमचा उडतो. आणि दुसरा, पिल्लं उपाशी राहत असतील तर गुंडाळायचं. "त्यांच्या तोंडचा घास काढून मिळवलेला फोटो मी भिंतीवर लावणार नाही," ती म्हणायची. ती लावणार नाही म्हणजे लागणार नाही, हे आमच्या घरात ठरलेलंच होतं.

या हिवाळ्यात ती गेली. ताप आला, छातीत उतरला, आणि बघता बघता संपलं सगळं. तेव्हा हॉस्पिटलमध्येही तिने मला खोलीबाहेर काढलं होतं. "चहा पिऊन या, तोंड बघा कसं झालंय." मी चहा प्यायला गेलो तेवढ्यात गेली. मला अजून त्या चहाचा राग येतो. तिचाही येतो.

उन्हं तापायला लागली तशी लेकीने फोनवर टुमणं लावलं. ती दूर राहते. "बाबा, कॅमेरा काढा. नाहीतर त्या कवळ्यांशी बोलायला लागाल." तिला काय सांगू, मी कधीच लागलो होतो.

शेवटी गेलो. एकटा. लपण उभारलं, आत बसलो, थर्मास उघडला. खंड्या समोरच्या वाळक्या फांदीवर होता, त्याने मला आत शिरताना बघितलं होतं. म्हटलं, आता हा काही आपल्याला दाद देत नाही. पण चहाचं झाकण हातात असतानाच त्याने पाण्यात सूर मारला, मासा घेतला आणि सरळ बिळात शिरला. जराही न घुटमळता.

पुढच्या सुट्टीला तेच. त्यानंतरही तेच. निघायचो मात्र पार अंधार पडल्यावर, खंड्याला दिसू नये म्हणून. फोटो इतके स्वच्छ आले की पिसांवरचं पाणी दिसावं. मी ते स्टुडिओवाल्याकडून छापून घेतले.

"आता सोबतीला कोणाला नेता?" त्याने विचारलं.

"कोणालाच नाही. एकटा असतो."

तो हसला. "काका, मला कशाला बनवता? एकटा माणूस आत असताना पाखरू असं निवांत येतं होय? कोणीतरी निघून जाताना त्याने बघितलेलं असणार."

 फोटो उचलले आणि चालू लागलो, सुट्टे पैसे घ्यायचेही राहिले.

घरी येऊन दिवाही न लावता बसलो. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त संताप आला. तिथपर्यंत येतेस, माझ्यासोबत पायवाट चालतेस, आणि मी आत शिरलो की पाठ फिरवून चालू लागतेस? तेच एक काम तुला जमतं? मी एकटाच मोठ्याने भांडलो. शेजारच्या वहिनींनी दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. म्हटलं, घरगुती आहे.

पुढच्या वेळी मी घडीची दोन स्टुलं नेली. दुसरं टेबलाखालचं, बुटकं, तिच्या उंचीला बेताचं. लपणात दोघं मावतात, फक्त गुडघे जुळवून बसावं लागतं. आत शिरलो आणि पडदा खाली सोडायच्या आधी म्हणालो, "आज जायचं नाही. बस इथे."

मग बसलो समोर बघत. शेजारी बघितलं नाही. धीर झाला नाही म्हणा.

खंड्या आला. चोचीत मासा होता, माशाचं डोकं पुढे. स्वतः खायचा असला की तो डोकं आपल्या घशाकडे ठेवतो, पिल्लांना भरवायचा असला की पुढे, हे तिनेच हेरलं होतं. म्हणजे घास पिल्लांचा होता. पण तो बिळात गेला नाही. फांदीवर बसून मान वर-खाली करत लपणाकडे टक लावून राहिला. उडाला, तळ्यावर चक्कर मारून पुन्हा तिथेच बसला.

जागा मोकळी झाली नव्हती. कोणी गेलं नव्हतं.

मला भयंकर आनंद झाला. मी कॅमेऱ्याला हातच लावला नाही. बोलत सुटलो. कपाटातल्या तुझ्या वस्तूंना अजून हात लावलेला नाही म्हणालो. लेक फोनवर तुझ्यासारखीच ओरडते. डॉक्टरांनी खुर्चीसमोर आपला खंड्याचा फोटो लावलाय, पेशंट आ करून त्याच्याकडे बघत बसतात. त्या दिवशी मला चहाला का धाडलंस, तेही विचारलं. उत्तर नाही आलं. पण एकटा माणूस बोलतो तेव्हा खोली जशी रिकामी वाटते, तसं तिथे वाटत नव्हतं.

खंड्याने तो मासा शेवटी स्वतःच गिळला. मग त्याची बायको दुसरा घेऊन आली. दोघं फांदीवर बसून माना हलवत राहिली. बिळातून पिल्लांची घरघर ऐकू येत होती, आधी जोरात, चिडलेली, आणि ऊन सरकत गेलं तशी दमलेली. मग मधेच थांबायला लागली.

"आजचा दिवस," मी म्हणालो. "एका दिवसाने काही होत नाही त्यांना."

लपणात शांतता पसरली. ही शांतता मला ओळखीची होती. मी चुकलेला असलो आणि तिला ते माहीत असलं, की ती अशी गप्प बसायची. भांडायची नाही. मला कळेपर्यंत नुसती थांबायची.

मी रडलो, गुडघ्यांवर डोकं टेकून. मला ती हवी होती, पिल्लांपेक्षा, फोटोपेक्षा, अब्रूपेक्षा. पण बिळातला आवाज पुन्हा बंद झाला तेव्हा माझ्याच्याने राहवेना.

"जा," मी म्हणालो. "ऊठ. मी बसतो इथे."

मागे वळलो नाही. चपला वाजल्या नाहीत, पडदा हलला नाही. फांदीवरच्या खंड्याने फक्त मान फिरवली, लपणाच्या मागून वर जाणाऱ्या पायवाटेकडे, आणि कोणी चालत जात असल्यासारखी हळूहळू वळवत नेली. मग पाण्यावरून निळी रेघ मारत तो सरळ बिळात शिरला. आत एकच कालवा उठला. मागोमाग त्याची बायको गेली.

मग दोघांनी आळीपाळीने नुसता धडाका लावला. मी एकही फोटो काढला नाही.

उजेड उतरायला लागला. पाण्याचा रंग मातीसारखा झाला, पाठ भरून आली, थर्मास रिकामा झाला. उठून जायला काही हरकत नव्हती. पण लपणातून आपणहून निघायचं नाही, हा नियम होता, आणि मला न्यायला येणारं आता कोणी नव्हतं. मीच तिला पाठवून दिलं होतं. त्या बुटक्या स्टुलाकडे तेव्हा पहिल्यांदा बघितलं. कापडी बैठक मध्यभागी जरा दबलेली होती. मी तिच्यावर हात ठेवला आणि बसून राहिलो.

खंड्या फांदीवर पिसं सारखी करत होता. एकाएकी तो ताठ झाला. मान वर-खाली केली, तीक्ष्ण शीळ घातली आणि पाण्यालगत उडत पलीकडे दिसेनासा झाला. पायवाटेवरून कोणी लपणाकडे येत असलं, तरच तो असा जातो.

टिचकी वाजायची वाट न बघता मी लेन्सवर टोपण चढवलं आणि दोन्ही स्टुलं मिटली.

"आलो गं," मी म्हणालो.