बारा झालरी

“सहा,” शामकांतरावांनी मोजलं, आणि नीलांबरीने मेण लावलेला दोरा ताणून सातवा वेढा घेतला. टेबलाच्या कडेला बसवलेल्या लहानशा शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, गळ आडवा आवळलेला होता. गळाला वाटाण्याएवढं शिशाचं डोकं, डोक्यामागे बारीक मान आणि त्या मानेभोवती चाळीस रबरी तंतूंची झालर. पाण्यात पडलं की हे तंतू उघडतात, मिटतात, आणि मरळ माशाला वाटतं काहीतरी जिवंत चाललं आहे. पुण्याची गळ टाकणारी हौशी मंडळी याला जिग म्हणत. कोल्हारच्या या घरात त्याचं नाव झालर असंच पडलं होतं.

“आता गाठ. आणि घाई नको. तुझ्या घाईने आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.”

नीलांबरी घाई करत नव्हती. तिने दोऱ्याचं टोक मागे दुमडलं, त्यावरून तीन वेढे घेतले आणि टोक आतून ओढून घेतलं. सगळी मदार या गाठीवर. ती नीट बसली की झालरीच्या पोटाकडून मोहरीएवढा फुगीर दाणा लागतो, मग मासा कितीही झटापट करो, तंतू हलत नाहीत. वर बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब. नीलांबरीने साठ वर्षांत स्वतःच्या नखांना कधी रंग लावला नव्हता. घरात नेलपॉलिश आली ती गळांसाठी.

शामकांतरावांनी झालर डाव्या हातात घेतली, अंगठ्याचं नख पोटाकडून फिरवलं, दाणा चाचपला.

“पास,” ते म्हणाले. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं आणि पास हा शब्द ते आजही खिशातून काढून द्यावा लागल्यासारखा उच्चारत.

ही बारावी. डब्यातल्या बाराव्या खणात ती जाऊन बसली.

मास्तरांचं मासे धरणं हा गावात एके काळी मोठा चर्चेचा विषय होता. सोवळ्यातलं घराणं, घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि हा गृहस्थ दर रविवारी गळ घेऊन प्रवरेवर. पण ते मासा खात नसत. धरत, वजन करत, फोटो काढत आणि परत पाण्यात सोडत. पुढे त्यांच्या हातच्या झालरी पुण्याच्या लोकांत नावाजल्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, बोलणं वाचलं, उजवा हात गेला. तो हात आता मांडीवर दुसऱ्या कुणाचा ठेवायला दिल्यासारखा पडून असे. झालरी मात्र थांबल्या नाहीत. त्या नीलांबरी बांधू लागली आणि पुण्याला त्यातलं काहीच कळलं नाही. सर डाव्या हाताने बांधतात, काय जिद्द आहे, असं तिकडे म्हणत.

उलट या दोन वर्षांत झालरींचं नाव वाढलं. नीलांबरीला एकदा आपल्या शालूच्या जुन्या काठातली जर उसवताना सुचलं होतं की तपकिरी तंतूंत हा तांबूस धागा घालून पाहावा. तिने तो घातला. गंधार नावाचा मास्तरांचा पुण्याचा एक चाहता ती झालर घेऊन गेला आणि आठ दिवसांनी त्याचा फोन आला. “सर, मरळी वेड्यासारख्या येतात हो यावर. कसं सुचलं तुम्हाला?”

“सुचतं एकेक,” सर म्हणाले होते. नीलांबरी तेव्हा समोरच शेंगा सोलत होती.

दाराशी बनुबाई दुधाची किटली घेऊन आली. मळ्यातून यायची ती, नीलांबरीच्याच वयाची. घरातलं कोण काय करतं हे तिला रोजच्या रोज दिसत होतं. पातेल्यात दूध ओतून ती टेबलापाशी आली आणि डब्यात वाकून बघू लागली.

“मास्तर, एक इचारू? खायचा न्हाई तर मासा धरायचा कशापायी? त्वांड फाडून परत पान्यात सोडायचा, त्यापरीस खाल्लेला काय वाईट?”

“खेळ आहे तो, बनुबाई.”

“ख्योळ तुमचा हाय. त्याचा न्हाई.” तिने एक झालर उचलून उजेडात धरली. “पर वहिनीबाई, लई नाजूक काम हाय तुमचं. आमच्या सुनंला सुईत दोरा न्हाई घालता येत.”

नीलांबरीच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं असावं, कारण शामकांतरावांनी ते लगेच विझवलं.

“तिचं नाही हो, माझं काम आहे. ती माझा शेगडा आहे. एक हा लोखंडाचा आणि एक ही.”

मास्तरांच्या विनोदाला हसायचं ही गावाची सवय होती. बनुबाई हसली नाही. तिने झालर जागेवर ठेवली, किटलीला झाकण लावलं आणि म्हणाली, “काय वो मास्तर,” आणि निघून गेली.

जेवताना नीलांबरीने विषय काढला. धाडस करून काढला, असंच म्हणायला हवं, कारण अडतीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःसाठी विषय काढल्याचे प्रसंग बोटांवर मोजता आले असते. उद्या मुळा धरणाच्या फुगवट्यावर गंधारच्या मंडळींची स्पर्धा होती. हाताने बांधलेल्या झालरीच वापरायच्या, डब्याच्या झाकणावर बांधणाऱ्याचं नाव लिहायचं आणि मासा लागला की ते नाव माइकवरून घ्यायचं, असा त्यांचा रिवाज होता. डबा न्यायला गंधार आज चार वाजता येणार होता.

“अहो, तो येईल तेव्हा एकदा सांगा ना त्याला.”

“काय सांगू?”

“की मी बांधते. नाव तुमचंच लिहू दे. नुसतं सांगा.”

शामकांतरावांनी डाव्या हाताने भाताचा घास नीट गोळा केला, खाल्ला, मग ते पाणी प्यायले. त्यांना राग आलेला नव्हता. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“तू वेढे घेतेस, नीलू. बांधतो मी. फळ्यावर खडू लिहितो म्हणून खडूला कुणी मास्तर म्हणत नाही.” मग थोडं थांबून ते मायेने म्हणाले, “आणि त्याच्यासमोर तोंड पाडून उभी राहू नकोस. त्याला वाटेल मी तुला त्रास देतो.”

जेवून ते आडवे झाले. त्यांचं घोरणं सुरू झाल्यावर नीलांबरीने ओटा पुसला, हात कोरडे केले आणि टेबलाशी येऊन बसली. डबा उघडला. पहिली झालर शेगड्यात आवळली, अर्धं ब्लेड घेतलं आणि त्याचं टोक पोटाकडच्या दाण्याखाली सरकवून हलकेच दाबलं. दाणा तुटून टेबलावर पडला. वेढे जागच्या जागी राहिले. त्यांच्यावर तिने नेलपॉलिशचा नवा थेंब सोडला, फुंकर घातली आणि झालर खणात ठेवली. वरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. मरळीने एकदा जोरात तोंड मारलं की दोरा उलगडणार, चाळीस तंतू आणि तांबूस जर पाण्यावर तरंगणार आणि माणसाच्या हातात उरणार शिशाचा गोळा अडकवलेलं लोखंड. तेही माइकवर शामकांत सरांचं नाव घ्यायला सगळे तयार बसलेले असताना.

तिने बाराही झालरींचे दाणे उडवले. मनाला टोचणी लागेल अशी तिची अपेक्षा होती, ती काही लागली नाही. उलट फार दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं. तुटलेले दाणे तिने तळहातावर गोळा करून केराच्या डब्यात टाकले आणि चहाचं आधण ठेवलं.

गंधार बरोबर चारला आला. पस्तिशीचा, उन्हाने रापलेला, आयटीतली नोकरी आणि जीव सगळा पाण्यात. आल्या आल्या तो सरांच्या पाया पडला, काकूंना हसून नमस्कार केला आणि डबा उघडून लहान मुलासारखा बघत राहिला.

“सर, काय काम आहे हे. आणि एका हाताने. आमच्या ग्रुपवर मी सगळ्यांना सांगतो, दोन हात असून आपल्याला जमत नाही.”

“सराव,” शामकांतराव म्हणाले.

नीलांबरी चहाचा ट्रे घेऊन आली होती. सराव हा शब्द तिने ऐकला आणि तिच्या मनात उरलीसुरली चलबिचल होती तीही शांत झाली.

“फक्त एक शिकवा सर. शेवटची गाठ. माझी दर वेळी सुटते. बोट ठेवून दाखवा ना, नेमकी कुठे बसवता?” गंधारने डब्यातली एक झालर काढून सरांच्या डाव्या तळहातावर ठेवली.

अंगठा आपोआप पोटाकडे गेला. एकदा फिरला, परत फिरला. शामकांतरावांनी झालर खाली ठेवली आणि डब्यातली दुसरी घेतली. मग तिसरी. गंधारला वाटलं, सर त्यातल्या त्यात चांगली निवडून दाखवताहेत. तो वाट पाहत राहिला.

शामकांतरावांनी मान वर केली आणि बायकोकडे पाहिलं. अडतीस वर्षांत त्यांनी तिच्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नसेल. नीलांबरीनेही नजर काढून घेतली नाही. त्यांची झालेली कोंडी तिला स्वच्छ दिसत होती. गाठी तोडल्या आहेत म्हणावं तर कुणी तोडल्या हे सांगावं लागेल. बांधणारा आपणच म्हणावं तर इतकी कच्ची गाठ मास्तरांच्या हातून सुटलीच कशी, याचं उत्तर द्यावं लागेल. गप्प बसावं तर उद्या शंभर माणसांसमोर नाव पाण्यात.

“सगळ्या तपासून बघा ना एकदा,” ती सौम्यपणे म्हणाली. “गंधार थांबेल.”

शामकांतरावांनी तिसरी झालर तिच्या खणात ठेवली. रुमालाने ओठाची लुळी बाजू पुसली.

“गंधार, झाकणावर नाव लिहायला पेन आणलंयस?”

“हो सर.” त्याने खिशातून जाड मार्कर काढला.

“मग माझं नाव लिहू नकोस.”

गंधार हसला. मग सर हसत नाहीत हे पाहून थांबला.

“दोन वर्षांत मी एक गाठ मारलेली नाही. एकही नाही. सगळ्या झालरी हिने बांधल्या. तो तांबूस धागा हिच्या शालूतला, कल्पनाही हिचीच.” त्यांचा आवाज जड झाला होता आणि तो खरोखर जड झाला होता की नाही हे सांगणं बायकोलाही कठीण गेलं असतं. “मी इथे बसून तुमच्या शाबासक्या घेत राहिलो. आज मनाला लागलं. या बारांत तर माझं काहीच नाही.”

गंधारने कप खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. तो उठला, नीलांबरीसमोर आला आणि तिला कळायच्या आत खाली वाकून त्याने तिच्या पायांवर डोकं टेकवलं.

हीच वाक्यं. हीच तिने दोन वर्षं मनात घोळवली होती, कणीक मळताना, त्यांना आंघोळ घालताना, रात्री कूस बदलताना. एकही शब्द खोटा नव्हता त्यात. आक्षेप घ्यावा असं काही नव्हतं.

“काकू, उद्या पहिला मासा तुमच्या नावावर. मी स्वतः माइकवर सांगणार आहे, कोल्हारच्या काकूंनी बांधलंय म्हणून. माझ्या आईला पण सांगतो.”

“गंधार,” नीलांबरी म्हणाली. “या राहू देत. मी तुला दुसऱ्या बांधून देते.”

“आता कुठे काकू? इथून थेट राहुरी गाठायची, मुक्काम धरणावर आणि पहाटे सहाला पाण्यात. आणि दुसऱ्या कशाला? यांच्यात काय वाईट आहे?”

सांगायचं तर एकच वाक्य होतं. ते तिच्या जिभेवर येऊन बसलं. पण समोरच्या माणसाने आत्ताच पायावर डोकं ठेवलेलं, त्या जागी अजून ऊब होती.

“लाजते ती,” शामकांतराव म्हणाले. “आयुष्यभर अशीच. तू लिही.”

गंधारने झाकण मांडीवर घेतलं आणि मार्करचं टोपण उघडलं. “नीलांबरी शामकांत असं लिहू ना?”

“नको. माझं नाव मधे कशाला? सगळं श्रेय तिचं आहे. नुसतं नीलांबरी. आणि पुढे गावाचं नाव घाल, कोल्हार. म्हणजे कुणाच्या मनात शंका राहायला नको.”

मार्कर झाकणावरून करकरत गेला. गंधारचं अक्षर सुरेख होतं, ठळक, वळणदार. शाई वाळावी म्हणून त्याने झाकण हवेत हलवलं आणि मग दोन्ही हातांनी नीलांबरीसमोर धरलं.

“बघा काकू. बरोबर आहे ना?”

शामकांतरावांनी डाव्या हाताने बशी उचलली आणि चहाचा घोट घेतला. नीलांबरीने स्वतःचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“हो,” ती म्हणाली. “बरोबर आहे.”