उलट्या पिळाची फुलदाणी

मी फुलदाणी बोलतेय. माझ्या अंगावर निळ्या, तांबूस आणि दुधी झिलईचा पीळ आहे. त्या पिळापायीच मी हातोड्याखाली आले होते.

मला घडवलं एका डावखुऱ्या बाईनं. ओली झिलई ओतून ती चाकाला गती द्यायची आणि डाव्या हाताचं बोट बुडापासून गळ्यापर्यंत ओढत न्यायची. कारखान्यात बाकीचे चाक एका दिशेनं फिरवत, ती उलट्या. मालक कुरकुरायचा, पण माल खपतोय म्हटल्यावर गप्प बसायचा. बुडाशी शिक्का मात्र त्याच्याच नावाचा. तिचं नाव कुठेच नाही.

पुढे मी घरोघर फिरले. कुणी माझ्यात फुलं ठेवली, कुणी झारे-उलथणी, एका घरात तर मोडक्या छत्र्या. शेवटी भंगारवाल्याकडून मला एका संग्राहकानं उचललं. जुन्या भांड्यांचे हे मोठे जाणकार. त्यांच्या मंडळाचा दंडक असा, की नकली भांडं पुन्हा बाजारात जाता कामा नये, फोडूनच टाकायचं. आणि नकली ओळखायची खूण? पीळ उलटा. बस्स! उलटा का, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

माझ्यावर 'नकली' अशी चिठ्ठी डकवून त्यांनी मला अंगणात गोणपाटावर आडवं केलं. तेवढ्यात त्यांच्या लेकीच्या सासूबाई आल्या.

"हातोडा घेऊन कुणावर निघालात, व्याही?"

"नकली आहे हो, विहीणबाई. पीळ उलटा आहे."

"उलटा?" त्यांनी खाली बसून माझ्या बुडाचा शिक्का पाहिला. "माझी आई डावखुरी होती. याच शिक्क्याच्या कारखान्यात होती. चाक उलटंच फिरवायची."

"अहो, पण मंडळाचा नियम..."

"मंडळात कुणी डावखुरं आहे का?"

विहीणबाईंनी डावं बोट माझ्या पिळावर ठेवून सावकाश गळ्यापर्यंत नेलं. कुठेच अडलं नाही. त्यांचे डोळे भरून आले.

"हिच्याआधी किती फोडलीत?"

व्याह्यांनी कोपऱ्यातल्या ठिकऱ्यांच्या बादलीकडे पाहिलं आणि हातोडा खाली ठेवला.

आता मी मंडळाच्या काचेच्या कपाटात आहे. 'नकली'ची चिठ्ठी निघाली. विहीणबाईंनी जाताना आईचं नाव दोनदा सांगितलं होतं, एकेक अक्षर सुटं करून. मंडळानं नवी चिठ्ठी लावली: 'कारागीर अज्ञात'.

मला बघायला याल, तेव्हा ती चिठ्ठी वाचू नका. काचेवर डावं बोट ठेवा आणि माझ्या पिळाबरोबर वर न्या.