डोळ्याचा सत्कार

जिल्हा रग्बी संघटनेच्या शिस्तपालन समितीने स्थापनेपासून आजवर एकाही माणसाला शिक्षा केलेली नाही. संघटनेचे अध्यक्ष कृष्णकांतभाऊ ही गोष्ट प्रत्येक भाषणात अभिमानाने सांगतात. भांडण झालं की समिती बसते, चहा येतो आणि दोन्ही बाजूंचा सत्कार ठरतो. मागे एका प्रशिक्षकाने पंचाच्या कानाखाली वाजवली, तेव्हा प्रशिक्षकाचा तळमळीबद्दल आणि पंचाचा संयमाबद्दल सत्कार झाला. पंचाला त्या कानाने अजून कमी ऐकू येतं. शाल मात्र चांगली होती, असं तो कबूल करतो.

कृष्णकांतभाऊंचा मंडप डेकोरेशनचा धंदा. स्टेज, खुर्च्या, माइक सगळं घरचं. त्यामुळे सुनावणीपेक्षा सत्कार सोपा पडतो. सुनावणीत दुसऱ्याचं ऐकावं लागतं.

या व्यवस्थेत नंदनवन वस्तीतल्या पायलचा डोळा आला.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पायलचा संघ कळमेश्वरच्या संघाशी खेळत होता. पायल चेंडू घेऊन पडली आणि नेहमीप्रमाणे दोन्हीकडच्या मुली तिच्यावर ढीग करून एकमेकींना रेटू लागल्या. त्या ढिगातून कळमेश्वरच्या प्रीतीचा हात आला, पायलच्या तोंडावरून चाचपडत गेला, डाव्या डोळ्यापाशी थांबला आणि त्यातलं एक बोट आत शिरून फिरलं. पंच ढिगाच्या पलीकडे होता. त्याने शिट्टी वाजवली ती चेंडू ढिगात अडकल्याची. पण कडेला उभ्या असलेल्या कोणाच्या तरी मोबाइलमध्ये सगळं आलं. त्यात हात घसरल्यासारखा दिसत नाही. हात शोधताना दिसतो.

बुबुळावर ओरखडा होता. डॉक्टर म्हणाले, थोडं खोल गेलं असतं तर डोळा गेला असता. आता थोडे दिवस धुरकट दिसेल, पण राज्य स्पर्धेपर्यंत बरं होऊन खेळता येईल. पायलने पट्टी बांधलेल्या डोळ्यानेच संघटनेकडे तक्रार केली. तिची मागणी एकच होती: नियमात मुद्दाम डोळ्याला इजा करण्याची जी शिक्षा आहे, ती प्रीतीला द्या.

आठवड्याभराने कृष्णकांतभाऊ स्वतः घरी आले. सोबत पेढे होते.

"रविवारी तुझा सत्कार ठेवला, बेटा," ते खुर्चीत बसत म्हणाले. "नंदनवनातच, आपल्या हॉलमध्ये."

"कशाचा?"

"खिलाडूवृत्तीचा. तू प्रीतीले मोठ्या मनानं माफ केलं ना, म्हणून."

"मी कधी केलं?"

"रविवारी करशील ना. अकरा वाजता."

पायलचे बाबा, प्रेमानंद, हिंगण्याच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जातात. ते नुकतेच घरी आले होते आणि हात धुता धुता थांबले होते. त्यांच्या घराण्यात आजवर सत्कार झाला तो फक्त रिटायर होताना, तोही कंपनीच्या गेटवर, बस सुटायच्या घाईत. स्टेजवरचा सत्कार म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा उजळला. ते त्यांनाही कळलं, म्हणून त्यांनी तो टॉवेलने पुसला.

"भाऊ, तिनं डोळ्यात बोट घातलं," पायल म्हणाली. "तुम्ही व्हिडिओ पाह्यला ना?"

"पाह्यला ना. चारदा पाह्यला. खेळात लागतेच, बेटा."

"लागते ते येगळं न् कोणी लावते ते येगळं. नियमात बारा आठवडे बंदी आहे. कमीत कमी."

"ते तिकडले नियम आहेत, फॉरेनचे. तिकडं थंडी असते, लोकं तापट असतात." भाऊंनी एक पेढा स्वतःच उचलला. "अन् आपल्या समितीले शिक्षेचा अधिकारच नाही. आपली समिती संस्कारवाली आहे. समजून घे ना, प्रीती आपली हुकर आहे. तिच्यासारखी पोरगी अख्ख्या विदर्भात नाही. राज्य स्पर्धेले तुम्ही दोघी एकाच टीममध्ये जाणार."

खरी गोष्ट ही होती. जिल्ह्याच्या संघात स्क्रमला, म्हणजे चेंडूसाठीच्या रेटारेटीला, तिघी असतात. मधे हुकर, दोन बाजूंना प्रॉप. तिघी एकमेकींच्या खांद्यांवर हात आवळून डोकी खाली घालतात आणि समोरच्या तिघींना भिडतात. पायल प्रॉप होती. प्रीतीचा हात तिच्या मानेवर येणार होता.

"मी तिच्या बाजूनं डोकं नाही घालणार," पायल म्हणाली. "तो हात तोंडापाशी येईन. डोळे मिटून खेळू का?"

"असं नाही म्हणा, बेटा. वरचा पाहून राहिला ना सगळं." भाऊंनी बोट वर केलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. वर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, हातात राज्यघटना. भाऊंनी बोट खाली घेतलं आणि निघताना दारात हळूच सांगितलं, "पाहा, प्रेमानंदजी. रविवारी समेट झाला नाही, तर टीम निवडताना मले अडचण होईन."

ते गेल्यावर बाबांनी पेढ्यांचा डबा जवळ ओढला.

"घेऊन टाक ना वं," ते म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे. टीममध्ये तर राहशील."

"अन् डोळा?"

"डोळा बरा होऊनच राहिला ना."

"म्हणजे चांगला फुटला असता तर शिक्षा मागता आली असती?"

आई, प्रेमिला, आतून म्हणाली, "शाल एकच देतात का दोन? एका डोळ्याची एक, म्हणून विचारून राहिली."

बाबांनी डबा झाकला.

रविवारी हॉल भरला. दोन्ही संघांच्या मुली आल्या होत्या, त्यांचे आईबाप आले होते, आणि समोरच्या रांगेत रग्बी म्हणजे काय हे माहीत नसलेले बरेच मान्यवर होते. मागे मोठं बॅनर होतं: 'खिलाडूवृत्ती गौरव सोहळा'. बॅनरवर पायलचा जुना फोटो होता, दोन्ही डोळे टपोरे. खाली खुर्चीत खरी पायल बसली होती, डावा डोळा लाल, सारखं पाणी येणारा. दोन खुर्च्या सोडून प्रीती होती. रुंद खांद्याची, जबडा आवळलेली. ती कोणाकडेच पाहत नव्हती.

भाऊ माइकवर आले. माइकवर त्यांची मराठी पुण्याकडे सरकते.

"क्रीडांगणावरील कटुता क्रीडांगणावरच राहावी, ही आपली संस्कृती आहे. आमची कन्या प्रीती हिला झालेल्या प्रकाराचा अत्यंत पश्चात्ताप झालेला आहे. आणि आमची दुसरी कन्या पायल हिने तिला उदार अंतःकरणाने क्षमा केलेली आहे. या क्षमेला मी वंदन करतो."

टाळ्या झाल्या. पायलला वर बोलावलं. भाऊंनी शाल उघडली, दोन्ही हातांनी पसरली आणि पुढे आले. पायल एक पाऊल मागे सरकली. भाऊ आणखी पुढे आले. ती आणखी मागे. फोटोग्राफर म्हणाला, "थोडं जवळ या." भाऊ शाल धरून तसेच उभे राहिले, चादर झटकायला उभ्या राहिलेल्या माणसासारखे.

पायलने स्टँडवरचा माइक काढून हातात घेतला.

"मी माफ केलं नाही," ती म्हणाली. "मले कोणी विचारलंच नाही. तिनं माझ्या डोळ्यात बोट घातलं, मुद्दाम घातलं. मले शाल नको. तिले नियमात आहे ती शिक्षा पाहिजे. ती होत नसंन, तर उद्या कोणीही कोणाच्याही डोळ्यात बोट घालंन, अन् तुम्ही शाली वाटत बसा."

मागच्या रांगेत कोणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि एकटाच असल्याचं लक्षात आल्यावर थांबला.

"मुलगी भावनाविवश झालेली आहे," भाऊ माइकशिवाय ओरडले. मग हात पुढे केला. "माइक दे."

"पहिले सांगा, शिक्षा देणार का नाही."

"समितीला तसा अधिकारच नाही, हे मी तुला घरी येऊन सांगितलं!"

"मग माइक घ्यायचा अधिकार कुठून आला?"

मुलींच्या बाजूला हशा पिकला. कृष्णकांतभाऊंच्या आयुष्यात त्यांच्याच स्टेजवर, त्यांच्याच माइकवरून त्यांच्यावर कोणी हसल्याचा हा पहिला प्रसंग होता. शाल खांद्यावर टाकून त्यांनी निवेदकाचा दुसरा माइक ओढून घेतला. पुण्याकडची मराठी वाटेतच उतरली.

"हे बेशिस्त वर्तन आहे! सत्काराचा अपमान आहे! शिस्तपालन समिती याची दखल घेऊन राहिली! काहो, रुपरावजी?"

दोघांच्या समितीचे दुसरे सदस्य रुपराव, निवृत्त पीटी मास्तर, समोरच्या रांगेत पेंगत होते. ते दचकून म्हणाले, "घेतली."

"या मुलीले चार आठवडे निलंबित केलं! राज्य स्पर्धा बंद! आता ठेव माइक!"

राज्य स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. पायलचे बाबा उभे राहिले. मागच्यांनी 'बसा' म्हटलं तरी ते बसले नाहीत.

पायलने डोळ्यातलं पाणी मनगटाने पुसलं. ते त्या डोळ्यातून तसंही येत होतं.

"म्हणजे समितीले अधिकार आहे," ती म्हणाली.

भाऊंनी खांद्यावरची शाल नीट केली.

"सगळ्यायनं ऐकलं ना? अधिकार आहे. मले चार मंजूर. माझी स्पर्धा गेली, जाऊ द्या. आता हिशोबानं सांगा, भाऊ. माइक हातात घ्यायचे चार आठवडे, तर डोळ्यात बोट घालायचे किती?"

"तो विषय वेगळा आहे."

"किती?" मुलींच्या रांगेतून एक आवाज आला. मग दुसरा. कळमेश्वरच्या बाजूनेही एक मुलगी ओरडली, आणि तिच्या आईने तिला खाली ओढलं.

"प्रीतीचं म्हणणं ऐकल्याशिवाय काहीच करता येत नाही," भाऊ घाईने म्हणाले. त्यांना सुनावणीची महती पहिल्यांदाच पटली होती. "ते रीतसर, सवडीने ऐकू."

"आताच ऐका ना," प्रीती म्हणाली.

ती उठली. तिला माइकची गरज नव्हती. कळमेश्वरच्या मैदानावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारणारा आवाज होता.

"मी घातलं बोट. पंच पलीकडे गेला हे पाहूनच घातलं. पायल चेंडू सोडून नव्हती राहिली, अन् मले जिंकायचं होतं. पश्चात्ताप बिश्चात्ताप तुम्हाले झाला असंन, भाऊ. मले कोणी विचारलं नाही. तुम्ही रोज घरी फोन करून 'रडल्यासारखी बस' म्हणून सांगून राहिले. मले नाही येत तसं बसता."

एवढं बोलून ती खाली बसली आणि पुन्हा जबडा आवळला.

भाऊ आणि रुपराव बॅनरच्या मागे गेले. माइक भाऊंच्या हातात चालूच राहिला होता, आणि तो त्यांच्या दुकानातला सगळ्यात चांगला माइक होता.

"हिले बारा दिले तर टीम गेली ना," बॅनर म्हणालं.

"गेली," बॅनरने उत्तर दिलं.

"नाही दिले तर?"

"तर त्या पायलचेही काढा लागतीन. अधिकार नाही म्हणा लागंन."

"तिचे नाही काढायचे! एवढ्या लोकायले हसवलं माझ्यावर!"

"मग द्या बारा."

मग भाऊ बाहेर आले, शाल अजून खांद्यावर, आणि संघटनेच्या इतिहासातली दुसरी शिक्षा त्यांनी पहिलीनंतर पाव तासात सुनावली. प्रीती, बारा आठवडे. हेतुपुरस्सर डोळ्याला इजा. शेवटचे तीन शब्द रुपरावांना मागून सांगावे लागले. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे मान्यवरांना कळेना. जेवणाची घोषणा झाली तेव्हा त्यांनी त्या वाजवून घेतल्या.

पायल जेवायला थांबली नाही. गाड्यांपाशी प्रीती उभी होती, हेल्मेट हातात.

"झालं समाधान?" प्रीती म्हणाली. "तूही घरी, मीही घरी. टीम गेली बोंबलत."

"जाऊ दे. तुझ्या बोटानं जिंकण्यापेक्षा बोंबलत गेलेली बरी."

"फार शहाणी आहे वं तू." प्रीतीने तिच्या डोळ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "दिसते का काही?"

"तू दिसते. धुरकट."

"धुरकट बरी दिसत असंन मी."

पायलच्या ओठाचा कोपरा हलला. तिने तो जागेवर आणला. "हसवू नको. मी माफ नाही केलं."

"मी कुठं मागितली?"

"मागायची असंन तर बारा आठवडे भरल्यावर माग. त्याच्या आधी मागशील तर सत्कारातली वाटंन."

"अन् नाही मागितली तर?"

"तर माझ्यासमोर उभी राहजो, स्क्रममध्ये. बाजूले नाही. पंचाले सांगून ठेवते, तुझ्या हाताकडे पाहत जा म्हणून."

प्रीतीने हेल्मेट डोक्यावर बसवलं, किल्ली फिरवली आणि कळमेश्वरच्या रस्त्याला लागली.

बाबा हॉलमधून बाहेर आले. भाऊंनी पायलची शाल त्यांना द्यायचा प्रयत्न केला होता. त्यांनी ती परत भाऊंच्याच खांद्यावर टाकली होती आणि, रुपराव सांगतात त्याप्रमाणे, नमस्कारही केला होता. फोटोग्राफरने तोच फोटो काढला. संघटनेकडे त्या दिवसाचा सत्काराचा तेवढा एकच फोटो आहे.

"चल," बाबा म्हणाले. "गाडी मी घेतो. तुले एका डोळ्यानं नाही जमणार."

"मी घेते."

"पायल, ऐकत जा वं."

"बसा मागं," ती म्हणाली. "उजवीकडलं मी पाहते. डावीकडलं तुम्ही सांगा."